संमेलन आणि बाटली

यवतमाळात 1973 साली साहित्य संमेलन झालं तेव्हा ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि मी जन्मलो नव्हतो. पुढचं संमेलन यायला 46 वर्षं लागली. 11 जानेवारी 2019 ला 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मंडप आमच्या गावात उभा राहिला. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. मी कॉलेजात मराठी शिकवून पोट भरणारा माणूस, त्यामुळे इस्त्रीचा झब्बा घालून उद्घाटनाला निघालो होतो. चपलेत पाय सरकवतोय तोवर आत्याचा फोन आला.

"बकरीनं तीन देल्ले," आत्या म्हणाली. "थानं दोन अन् तोंडं तीन. हिशेब जमून नाई रायला. तू ये."

आत्याचं गाव राळेगाव तालुक्यात. मी म्हटलं, आत्या, आज संमेलन आहे, सेहेचाळीस वर्षांनी आलंय.

"मंग? ते तीन दिवस चालते म्हणे. हे पिल्लू संध्याकाळलोक नाई चालत."

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झब्ब्यासकट मी एसटीत बसलो.

गोठ्यात पोचलो तेव्हा दोन धडधाकट पिल्लं आईच्या दोन्ही बाजूंना लोंबकळून शेपट्या हलवत होती. तिसरं कोपऱ्यात कुटारावर पडलेलं. ओल्या फडक्याला चार काड्या टोचल्या तर जसं दिसेल तसं. आत्यानं ते उचलून आईच्या कासेला लावलं. आईनं एकदा हुंगलं आणि शांतपणे लाथ घातली. पुन्हा लावलं, पुन्हा लाथ. त्या आठवड्यात लेखिका नयनतारा सहगल यांना संमेलनाच्या उद्घाटनाला बोलावून ऐनवेळी निमंत्रण मागे घेतल्याचा गदारोळ महाराष्ट्रभर चालला होता. आलेल्या पाहुण्याला दारातून परत कसं पाठवायचं, याचं प्रात्यक्षिक मला गोठ्यात पाहायला मिळालं. फरक एवढाच की बकरीनं पत्रक काढलं नाही.

आत्यानं पिल्लाच्या तोंडात बोट घातलं. "थंडं आहे," ती म्हणाली आणि त्याला वाकळीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलं. मी तोपर्यंत वाटीत दूध घेऊन तयार होतो. म्हटलं, भुकेलं आहे, आधी पाजू. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वाटी खाली ठेवली. तोंड थंड असेल तर पिल्लाला गिळता येत नाही, पाजलेलं दूध पोटाऐवजी छातीत जातं. आधी ऊब, मग दूध. हे मला पुढे ढोरांच्या डॉक्टरांनी शास्त्रशुद्ध भाषेत समजावलं. आत्याला ते बोटातच माहीत होतं.

तासाभरानं तोंड गरम झालं. आत्यानं बकरीचे मागचे दोन्ही पाय आपल्या गुडघ्यांत अडकवून तिचा चीक एका पेल्यात काढला आणि बोट बुडवून बुडवून पिल्लाला चोखायला दिला. पाचव्या-सहाव्या बोटाला पिल्लानं इतका जोर लावला की आत्या म्हणाली, "जगते हे."

चीक या पदार्थाबद्दल मराठी माणसाच्या मनात फार प्रेम आहे, पण त्याची दिशा चुकलेली आहे. आपल्याला चीक म्हटलं की खरवस आठवतो. गूळ, वेलची, वर जायफळ. शेजारी गाय व्याली की बाळंतिणीची चौकशी करायच्या निमित्तानं पातेलं घेऊन जाणारी माणसं मी पाहिली आहेत. पुण्या-मुंबईकडे तर गाय न विताच खरवस होतो, डब्यातलं घट्ट दूध आणि चायना ग्रास घालून. त्या खरवसाला मी पूर्वी नावं ठेवायचो. आता मान देतो, कारण त्यात कुणाच्या लेकराचा घास तरी जात नाही.

कारण भानगड अशी आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढायची थोडी शिदोरी नाळेतून मिळून जाते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या नाळेतून ती जातच नाही. त्यांचं पिल्लू जगात येतं ते अगदी निःशस्त्र. सगळी शस्त्रं चिकात. शिवाय ती आतड्यातून रक्तात जायचं दार चोवीस तासांत बंद होतं, आणि पहिल्या काही तासांपासूनच ते हळूहळू लोटलं जात असतं. म्हणून पहिला घोट तास-दोन तासांत, आणि दिवसभरात पिल्लाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला पाहिजे. आमचं पिल्लू दीड किलोचं. म्हणजे दीडशे मिली. एका कपाच्या हिशेबावर सगळं आयुष्य टांगलेलं, आणि आपण पातेलं घेऊन उभे.

संध्याकाळी आत्यानं निर्णय जाहीर केला. "याले तू ने."

मी का?

"माह्या इथं कापूस वेचाचा आहे. दिवसभर वावरात. याले दिवसातून पाच-सहा खेपा पाजा लागते. अन् तुह्या घरी फ्रिज आहे."

फ्रिजचा आणि मातृत्वाचा संबंध मला आजवर कळलेला नाही. पण आत्यानं एका डब्यात उरलेला चीक, दुसऱ्या डब्यात तिळाचे लाडू आणि पिशवीत पिल्लू असं बांधून दिलं, आणि मी शेवटच्या एसटीनं संमेलनाच्या गावी परतलो. कंडक्टरनं पिशवी पाहून विचारलं, "काय आहे?" पिशवी म्हणाली, "म्यां." त्यानं तिकीट फाडलं ते माझं एकट्याचंच. भला माणूस.

घरी मुलीनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिल्लाचं नाव जागच्या जागी ठेवून टाकलं. "बाबा संमेलनाला गेले होते ना? मग हे संमेलन." नाव शोभतं का, याचा विचार करायला वेळ नव्हता. त्याचे परिणाम आम्ही पुढे तीन महिने भोगले. "तुमचं संमेलन रात्रभर ओरडत होतं," ही शेजाऱ्यांची तक्रार. "संमेलनानं गाद्या खराब केल्या," ही बायकोची. आणि मी स्टाफरूममध्ये निरागसपणे बोललेलं एक वाक्य मला निवृत्तीपर्यंत ऐकवलं जाणार आहे: "संमेलन बाटलीशिवाय झोपतच नाही हो." स्टाफरूममध्ये दोन कवी बसले होते. त्यांनी चेहरे पाडले.

पण बाटली मिळाली कशी, ते सांगायचं राहिलं. पहिले तीन दिवस बोट, चमचा आणि कापसाची वात यांवर काढले. कापसाच्या जिल्ह्यात राहून कापूस निदान एवढ्या तरी कामाला आला. पण बोटाला तीक्ष्ण दात लागायला लागले तेव्हा मी औषधाच्या दुकानात गेलो आणि दुधाची बाटली मागितली.

"किती महिन्यांचं बाळ, सर?" दुकानदारानं विचारलं.

"चार दिवसांचं."

"अरे वा! अभिनंदन. वजन?"

"दीड किलो."

त्याचा चेहरा उतरला. "काचेच्या पेटीत ठेवलंय का?"

"नाही, बटाट्याच्या टोपलीत."

"सर... आणि आईला दूध नाही?"

"दूध भरपूर आहे. पण ती जवळ येऊ देत नाही. लाथा मारते."

तो काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाला, "होतं सर असं, बाळंतपणानंतर. मनावर परिणाम होतो. डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. ढोरांच्या."

इथे मात्र मला खुलासा करावा लागला. त्यानंतर दुकानातली चारही गिऱ्हाइकं आपलं काम विसरून चर्चेत उतरली. आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, आईच्या दुधाला पर्याय असा काही नाहीच हे लोकांच्या मनावर ठसावं म्हणून. त्या कायद्याचं काम त्या दिवशी चार गिऱ्हाइकांनी फुकट केलं. एकानं सांगितलं, बाटली नको, बोंडलं आणा. दुसऱ्यानं बांबूचा नळा सुचवला, जो बैलाला औषध पाजायला असतो आणि ज्यात माझं पिल्लू अख्खं मावलं असतं. एक म्हातारबा म्हणाले, "आईच्या अंगाले मीठ चोळा, चाटन ते पिल्लाले." मीठ आईच्या नव्हे, पिल्लाच्या अंगाला चोळायचं असतं, म्हणजे आई चाटते आणि चाटता चाटता माया लागते. म्हातारबांच्या पाठीमागे उभ्या बाईनं ही दुरुस्ती केली. दोघांचं भांडण लागलं. मी बाटली घेऊन सटकलो.

घरी आलो तर बाटलीच्या बुचाचं भोक इतकं बारीक, की संमेलन चोखून चोखून थकायचं आणि दूध तसंच. बायकोनं दाभण तापवून भोक मोठं केलं. ते इतकं मोठं झालं की पहिल्याच घोटाला नाकातून दूध आलं. दुसरं बूच आणलं. तिसरं आणलं. तिसऱ्या बुचाला दुकानदार म्हणाला, "सर, आता मोठं झालं असेल बाळ."

आता पाजायचं कसं, हा मुद्दा. मला वाटलं होतं, बाटली तोंडात घातली की संपलं. माणसाच्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं आणि बाटली लावली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ते दृश्य मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाले, "सर, याला मारायचं असेल तर हा उत्तम मार्ग आहे."

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चार खोल्या असतात. पहिली खोली म्हणजे कोठार. चारा त्यात आंबतो, मग तोंडात परत येतो, पुन्हा चघळला जातो. पण पिल्लू जन्मतं तेव्हा हे कोठार अगदी छोटं आणि कोरं असतं. दूध त्या कोठारात पडलं तर ते सडतं. म्हणून देवानं किंवा उत्क्रांतीनं, तुमचा ज्यावर विश्वास असेल त्यानं, एक सोय केली आहे. पिल्लू मान थोडी उंचावून चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या शेवटाला एक घळ आपोआप मिटून नळी बनते आणि दूध कोठार टाळून थेट चौथ्या, खऱ्या पचनाच्या खोलीत जातं. म्हणजे पोटातला बायपास रस्ता. आमच्या गावाला बायपास आहे, पण ट्रकवाल्यांना तो आठवेलच असं नाही, मग ते भर बाजारात शिरतात आणि दिवसभर कोंडी होते. पिल्लाच्या पोटातही तेच. घाईघाईनं, बळजबरीनं दूध ओतलं की बायपास उघडत नाही, माल भलत्या ठिकाणी उतरतो आणि पोट फुगतं. आणि मान फार मागे खेचली तर दूध श्वासनळीत.

तेव्हा पिल्लू चार पायांवर उभं हवं. बाटली आईच्या कासेच्या उंचीवर. मान वर, पण नम्रपणे वर. आणि चोखायचं त्यानं, ओतायचं आपण नाही. मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांना व्याकरण पाजतोय. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बकरी हे सगळं उभ्या उभ्या, रवंथ करत, दुसरीकडे बघत करते. तिच्या जागी आमच्या घरात तीन माणसं, एक गजराचं घड्याळ, एक तापमापक आणि एक वही लागली. वही मुलीची. त्यात वेळ, मिली आणि "शी कशी" असे तीन रकाने होते. रात्री अकरा, दोन आणि पाच. जानेवारीतल्या थंडीत मी दोन वाजता उठून दूध कोमट करायचो. फार गरम नको, गार तर नकोच. मनगटाच्या आत थेंब टाकून पाहायचा. मुलीच्या वेळी हे काम बायको करायची आणि मी झोपायचो. ही गोष्ट बायकोनं त्या तीन महिन्यांत किती वेळा काढली, याचा रकाना वहीत नव्हता.

पोटात दूध जातंय हे शेपटीवरून कळतं. दूध नीट येत असेल तर शेपटी पंख्यासारखी फिरते. मध्येच धार तुटली की ढुशी. आईच्या कासेला ढुशी दिली की ती पान्हा सोडते, ही संमेलनाची जन्मजात समजूत. माझ्या गुडघ्याला पान्हा फुटत नाही, हे त्याला तीन महिन्यांत पटलं नाही. बसून पाजलं तर ढुशी कुठे बसते, ते मी सांगणार नाही. त्यानंतर मी उभा राहूनच पाजायला लागलो.

दूध कुणाचं, यावर कॉलनीत दोन तट पडले. चीक संपल्यावर आम्ही पाकिटातलं दूध सुरू केलं. समोरच्या काकू म्हणाल्या, म्हशीचं द्या, अंग धरेल. म्हशीचं एक दिवस दिलं आणि तिसऱ्या रकान्यात मुलीनं फक्त "बापरे" लिहिलं. हगवण लागली. काकूंनी मग ग्राइप वॉटर सुचवलं, त्यांच्या सासूबाईंनी ओव्याचं पाणी, कोपऱ्यावरच्या निवृत्त तलाठ्यानं डाळिंबाची साल. डॉक्टरांनी एका फटक्यात सगळे बाद केले: मीठ-साखरेचं पाणी द्या, बाटली उकळून घ्या, आणि दूध कुठलंही द्या पण रोज तेच, त्याच वेळी, थोडं थोडं. पिल्लं उपाशी मरतात त्याहून जास्त मायेनं मरतात, असं ते म्हणाले, आणि काकूंकडे न बघता म्हणाले.

निवृत्त तलाठ्याला वेगळाच मुद्दा सापडला. वर्धा नदीपलीकडे सेवाग्राम. गांधीजींनी दूध सोडायचं व्रत 1912 मध्ये घेतलं. पुढे दुखण्यातून उठताना कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना डोळ्यासमोर गाय-म्हैस होती, शेळी कुठे होती? आणि महात्माजी शेळीच्या दुधावर आले. "तव्हापासून ह्या देशावर बकरीचं कर्ज आहे," तलाठीबुवा म्हणाले. "तुम्ही ते फेडून रायले, सर. गायीचं दूध बकरीले." रात्री दोन वाजता दूध कोमट करताना मी या राष्ट्रीय कर्जफेडीचा विचार करत असे. बरं वाटायचं नाही, पण झोप उडायची.

महिना झाला असेल. रविवारी आत्याकडे निघालो होतो, पिशवीत संमेलन, खिशात बाटली. रस्त्याकडेला काठेवाड्यांचा तांडा उतरलेला. हिवाळ्यात हे लोक उंट आणि शेकड्यांनी मेंढ्या घेऊन विदर्भात हिंडतात. शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला बोलावतात, रातभरात वावराला खत मिळतं. एका उंटाच्या पाठीवर खाटेच्या जाळीत पाच-सहा कोकरं बसली होती, शाळेच्या रिक्षात मुलं बसतात तशी. खाली एक बाई मेंढीचा मागचा पाय आपल्या पायांत धरून एका कोकराला थानाला लावत होती. मेंढीनं मान वळवून पाहिलं, बाईनं तळव्यानं तिचं तोंड पुढे केलं, कोकराची शेपटी फिरायला लागली. दुसरं कोकरू. मग तिसरं. मी उभा होतो तेवढ्या पाच मिनिटांत तिनं चार परक्या लेकरांची सोय लावली. ही दुसऱ्याची आहेत का, असं मी विचारलं. ती हसली. माझ्या खिशातून डोकावणाऱ्या गुलाबी बुचाच्या बाटलीकडे तिनं पाहिलं आणि आणखी हसली. मग तिनं नवऱ्याला हाक मारून ती बाटली दाखवली. तोही हसला. उंटसुद्धा, पण उंटाचा चेहराच तसा असतो.

ग. दि. माडगूळकरांच्या घरात हे दुसऱ्या भावाला ठाऊक होतं. 'बनगरवाडी' 1955 ची, व्यंकटेश माडगूळकरांची. मी ती शिकवतो. मेंढरं, धनगर, दुष्काळ, सगळं शिकवतो. परीक्षेत पंधरा गुणांचा प्रश्न येतो. त्या बाईसमोर मला एकही गुण मिळाला नसता.

तिकडे न्यूझीलंडमध्ये म्हणे शाळेतली मुलं बाटलीवर वाढवलेली कोकरं वर्षातून एकदा शाळेत आणतात, चालवून दाखवतात, बक्षिसं मिळतात. आमच्याकडे अशी स्पर्धा असती तर संमेलनानं परीक्षकांची वही खाल्ली असती. तीन आठवड्यांचं झालं तेव्हा त्याला पहिल्यांदा पाला खावासा वाटला. आत्यानं फोनवर सांगितलं होतं, बोरीचा नाहीतर सुबाभळीचा कोवळा पाला टांगून ठेव, आपणहून ओढन. कोठाराची खोली त्या पाल्यानंच वाढते, नुसत्या दुधावर ती कोरीच राहते. मुलीनं रीतसर उष्टावण ठरवली. पाट मांडला, रांगोळी काढली, समोर सुबाभळीची डहाळी, बोरीची, तुरीचं कुटार आणि हौस म्हणून खीर. संमेलनानं सगळ्याला एकेकदा तोंड लावलं आणि मग बाजूला पडलेली रविवारची पुरवणी खाल्ली. साहित्याचं पान आधी. बायको म्हणाली, "कोणीतरी वाचलं."

आणि एका दुपारी ते अंगणात बसलं होतं, काही न खाता त्याची हनुवटी आडवी हलायला लागली. आधी वाटलं काही अडकलं. मग गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला. रवंथ! मी लेक्चर सोडून घरी थांबलो. मुलगी पहिल्यांदा "बाबा" म्हणाली तेव्हा मी बाहेरगावी होतो. हे मात्र मी पाहिलं.

देणं आणि पाजणं यांतलं अंतर आत्या आम्हाला फार पूर्वीपासून सांगत आलीय. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. यवतमाळ त्यात होतंच. त्या पॅकेजमध्ये भरघोस दूध देणाऱ्या गायीही होत्या. कोरडवाहू कापूसवाल्याच्या दारात अशी गाय बांधली की ती घरातल्या माणसांपेक्षा जास्त खाते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहिलं होतं. आत्यानं साईनाथ वाचलेले नाहीत. ती एवढंच म्हणते, "गाय देल्ली, तिचं तोंड कोनं देल्लं?" हे वाक्य मला तेव्हा कोडं वाटायचं. संमेलनाच्या ढेपेचं पहिलं बिल आलं त्या दिवशी सुटलं.

एप्रिलमध्ये दूध पूर्ण तोडलं. दूध तोडणं हे पाजण्याहून अवघड. पाजताना एकच पिल्लू ओरडतं, तोडताना पिल्लू, मुलगी आणि समोरच्या काकू. मग ठरलं, संमेलन गावी सोडायचं, आपल्या माणसांत. म्हणजे बकऱ्यांत.

आत्याच्या गोठ्यात आम्ही त्याला त्याच्या सख्ख्या आईसमोर उभं केलं. मुलीचे डोळे भरून आलेले. आईनं हुंगलं, आणि जानेवारीत घातली होती तशीच एक लाथ घातली. संमेलनाला त्याचं काही वाटलं नाही. त्याला ती बाई बकरी आहे एवढंच दिसत होतं, आणि बकऱ्यांशी आपला संबंध काय, हे त्याला कळत नव्हतं. सकाळी बकऱ्या चारायला निघाल्या तर हे ओसरीवर चढून खाटेवर बसलं. बकऱ्या चारणाऱ्या पोट्ट्यानं ओढत नेलं तर अर्ध्या रस्त्यातून परत आलं आणि चुलीपाशी उभं राहिलं. संध्याकाळी पाच वाजले की दाराशी येऊन ढुशी. आत्या म्हणाली, "बकरी नाई आनली तू. पावनी आनून ठेवली." हो, संमेलन म्हणजे पाठ, मादी. नावापुढे हे लक्षात राहत नाही. आम्हीही तीन महिने तिला "ते" म्हणत आलो, आणि वर लिहितानाही तसंच आलंय, ते राहू द्या.

पावसाळ्यात ती हळूहळू कळपाची झाली. आधी मागून चालायची, मग मधून, मग बोरीच्या झाडावर पुढचे पाय टेकून पाला ओढताना दिसायला लागली. आम्ही गेलो की लांबून बघायची. यायची मात्र फक्त मुलीकडे, आणि तीही पिशवी हुंगायला.

पुढच्या वर्षीच्या थंडीत आत्याचा फोन आला. मी घाबरतच उचलला, कारण परीक्षांचे दिवस होते.

"संमेलन जनली," आत्या म्हणाली. "दोन देल्ले. दोन्ही थानाले लागले. पहिल्याच घंट्यात."

लाथ?

"लाथ मले मारली. चीक काढाले गेली तं."

तर बाटली अजून आमच्या फ्रिजवर आहे. उकळून, पुसून ठेवलेली. यवतमाळात कुणाकडे बकरी तीन पिल्लं व्याली असेल तर खुशाल घेऊन जा. बूच तेवढं नवं घ्यावं लागेल, जुनं संमेलनानं चावून टाकलंय. औषधाच्या दुकानात माझं नाव सांगू नका.